या महिन्याचा अभ्यासपाठ : गॅसची गळती आणि टाकीवरचे नंबर



मागच्या महिन्यात व्याजाच्या हिशोबाचा पाठ घेतला होता. या वेळचा पाठ गॅसचा आहे. विषय ऐकून कुणी म्हणेल, "आम्ही रोज स्वयंपाक करतो, आम्हाला काय गॅस शिकवता!" मलाही असंच वाटायचं. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे माझं ते वाटणं गेलं. त्याचीच गोष्ट आधी सांगते. बैठकीत एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका, आणि मध्ये मी प्रश्न विचारलाय तिथे वाचन थांबवून बोला.

आपल्या भागातला एक गट जिल्ह्याच्या प्रदर्शनात थालीपीठ आणि झुणका-भाकरीचा स्टॉल लावायला निघाला होता. पहाटे चारला छोटा हत्ती भरला. खाली पिठाची पोती, त्यावर मोठी शेगडी, पातेली, चटणीचे डबे. गॅसची टाकी उभी ठेवली तर डुगडुगते, म्हणून ती पोत्यांवर आडवी टाकली. रेग्युलेटर टाकीलाच लावून ठेवला, नळीचं दुसरं टोक मोकळं. "तिकडं गेल्यावर जोडत बसायला वेळ कुठं?" असं सगळ्यांचंच म्हणणं, माझंही. थंडी होती म्हणून वरून ताडपत्री घट्ट बांधली आणि आम्ही चौघी आतच बसलो. एमएसडब्ल्यू केलेल्या माझ्या डोक्यात एकही प्रश्न आला नाही.

घाटात वास आला. एक ताई म्हणाल्या, लसणाच्या चटणीचा डबा सांडला असेल. थोड्या वेळाने माझं डोकं जड झालं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी, ज्या बैठकीत फार बोलत नाहीत, त्या एकदम ओरडल्या, "गाडी थांबव! आणि ती बिडी लांब फेक!" ड्रायव्हरदादांनी फेकली. आम्ही ताडपत्री सोडून खाली उतरलो. झालं असं होतं की धक्क्यांनी शेगडी सरकली, तिचा पाय रेग्युलेटरच्या नॉबला लागला आणि नॉब फिरून चालू झाला. मोकळ्या नळीतून गॅस पोत्यांच्या मध्ये साठत होता. नॉब बंद केला, रेग्युलेटर काढला. मग टाकीच्या तोंडाला लावायचं टोपण शोधलं, तर ते घरी राहिलेलं! टाकी रस्त्याच्या कडेला लांब उघड्यावर उभी करून आम्ही कितीतरी वेळ थंडीत उभ्या राहिलो. कुणी कुणाशी बोललं नाही.

त्या दिवशी स्टॉल चांगला चालला. पण रात्री झोप आली नाही. पाच माणसं त्या गाडीत होती. एक बिडी पुरली असती.

आता समजून घेऊ की हे असं का होतं.

टाकीतला गॅस म्हणजे मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन या दोन वायूंचं मिश्रण. दाब देऊन त्याचं पाणी केलेलं असतं, म्हणून टाकी हलवली की आत डुचमळतं. हे पाणी एक लिटर बाहेर आलं तर त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. आणि खोलीतल्या हवेत शंभरात दोन भाग जरी हा वायू मिसळला, तरी एका ठिणगीवर भडका उडू शकतो. टाकी उभी असते तेव्हा वरच्या बाजूला वायू असतो आणि तोच बाहेर येतो. आडवी केली की तोंडाशी पाणी येतं, आणि मग थोडीशी गळतीसुद्धा अडीचशे पटीची होते. गॅस संपत आला की आपण टाकी आडवी करतो, कुणी गरम पाण्याच्या परातीत ठेवतं. थंडीत ब्युटेनचं पाणी लवकर वायू होत नाही म्हणून शेगडी मंद होते, टाकीत गॅस शिल्लक असतो हे खरं. पण म्हणून टाकी आडवी करू नका आणि गरम करू नका. दोन दिवसांच्या गॅससाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. हा वायू हवेपेक्षा जड असतो. चुलीचा धूर वर जातो, गॅस खाली बसतो. मोरीत उतरतो, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला साठतो. आपल्याकडे अनेक घरांत एकच खोली. ओट्याखाली टाकी आणि चार हातांवर अंथरूण, त्यावर लेकरं. रात्री गळती झाली तर गॅस सगळ्यात आधी जमिनीवर झोपलेल्यांपर्यंत पोचतो. उभ्या असलेल्या बाईला वास येईपर्यंत खाली बराच साठलेला असू शकतो. म्हणून झोपताना नुसती शेगडी बंद करून भागत नाही, रेग्युलेटरचा नॉब बंद करायचा. हे आपल्याला माहीत असतं. प्रश्न असा आहे, काल रात्री तुम्ही तो बंद केला होता का? इथे थांबा आणि खरं सांगा. मी पहिल्यांदा हा प्रश्न एका गटात विचारला तेव्हा सोळाजणींपैकी पाचजणींनी हात वर केला, आणि त्या पाचातल्या एकीने नंतर हळूच खाली घेतला.

गॅसला स्वतःचा वास नसतो. तो उग्र वास मुद्दाम घातलेला असतो, इथाइल मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा. धोका होण्याएवढा गॅस साठण्याच्या बऱ्याच आधी नाकाला कळावं म्हणून. तेव्हा वास आला की "असेल काहीतरी" म्हणायचं नाही. आमच्या टेम्पोत चटणीच्या डब्यावर ढकललं, तसं.

आता थोडं लांब जाऊ या, अमेरिकेला. कारण त्या पहाटेनंतर मी शोधायला लागले की धावत्या गाडीत गॅस बाळगणारे लोक जगात काय करतात. तिकडे एक प्रकारची गाडी असते, तिला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पक्कं घर बांधलंय असं समजा. आपल्या मोटारीमागे जोडायचं आणि सुट्टीला ओढत न्यायचं. आत पलंग, मोरी, स्वयंपाकघर. शेगडी गॅसवर, पाणी तापवायचं यंत्र गॅसवर, थंडीत खोली गरम ठेवायचं यंत्र गॅसवर, आणि फ्रीजसुद्धा गॅसवर चालू शकतो. (हो, गॅसवर चालणारा फ्रीज असतो. मलाही आधी खरं वाटलं नव्हतं.) तिकडे बर्फ पडतं, म्हणून ब्युटेन चालत नाही. शून्याच्या आसपासच त्याचा वायू व्हायचा थांबतो. प्रोपेन मात्र उणे 42 अंशापर्यंत वायू होतो, म्हणून तिथल्या टाक्यांत प्रोपेन. टाक्या गाडीच्या पुढच्या टोकाला बाहेर बसवलेल्या आणि तिथून नळ्या जमिनीखालून आत गेलेल्या.

आता विचार करा, असं घर शेकडो किलोमीटर खडखडत जाणार. जोड ढिले होणार. नळी लोखंडाला घासून झिजणार. कारखान्यात एखादा जोड नीट आवळला नसेल तर तो रस्त्यावर गळणार. आणि आत लोक झोपलेले असणार. आपल्या छोट्या हत्तीत जे झालं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. म्हणून तिथल्या अशा गाड्यांमध्ये गॅस ओळखणारं भोंग्याचं यंत्र असतं. आणि ते भिंतीवर उंच नाही, तर खाली जमिनीजवळ लावलेलं असतं. का, ते वर आपण वाचलंच.

पण मला त्या यंत्रापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. एखाद्या कंपनीच्या लक्षात आलं की आपण बनवलेल्या अमुक गाड्यांमध्ये गॅसचा जोड ढिला राहिलाय, तर तिला गप्प बसता येत नाही. 1966 साली तिथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. त्याप्रमाणे कंपनीने सरकारच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशन या संस्थेला कळवायचं आणि नंतर साठ दिवसांच्या आत प्रत्येक मालकाला पत्र पाठवायचं. दोष काय आहे, त्याने काय होऊ शकतं, मालकाने काय करायचं, हे त्या पत्रात साध्या भाषेत लिहावं लागतं. दुरुस्ती फुकट. याला रिकॉल म्हणतात, म्हणजे माल परत बोलावणं. प्रोपेनच्या गळतीवरून अशा ट्रेलरचे रिकॉल तिथे होत असतात. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं : ढिला जोड, घासलेली नळी.

हे पत्र बरोब्बर त्या मालकाच्या घरी कसं पोचतं? तर प्रत्येक गाडीवर सतरा अक्षरी-आकडी नंबर असतो आणि तो कुणाच्या नावावर आहे याची नोंद असते. नंबर नसता तर कंपनी कुणाला पत्र लिहिणार होती?

हे वाचताना मला माझ्या खोलीतली नळी आठवली. मी तालुक्याला भाड्याने राहते. शेगडी घेतली तेव्हा आठवडी बाजारातून मीटरवर कापून मिळणारी हिरवी नळी आणली होती. स्वस्त पडली म्हणून खूश होते. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना वर्ष, ना कुठला शिक्का. पावती तर नव्हतीच. उद्या कळलं की ती नळी तीन महिन्यांत तडकते, तर मला कोण कळवणार? बाजारात बसणारा तो माणूसही पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी. ज्या वस्तूवर नाव-नंबर नाही ती वस्तू कुणालाच परत बोलावता येत नाही. त्या रात्री मी नळी वाकवून बॅटरीच्या उजेडात पाहिली. शेगडीकडच्या टोकाला बारीक चिरा होत्या.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं ठीक आहे, आपल्याकडे कोण पत्र पाठवतं? पत्र येत नाही हे खरं. पण माल परत बोलवायला लावायचा अधिकार आपल्याकडेही आहे. 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा 2020 पासून लागू झाला. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. धोकादायक वस्तू परत बोलवायचा आणि पैसे परत द्यायला लावायचा हुकूम ते काढू शकतं. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी ऑनलाईन विक्री करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला असाच हुकूम काढला. ठरवलेल्या दर्जाचे नसलेले 2,265 प्रेशर कुकर तिच्यामार्फत विकले गेले होते. त्या सगळ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, आणि वर एक लाख रुपये दंड. आता बघा, 2,265 हा नेमका आकडा कुठून आला? कोणी काय घेतलं याची नोंद होती म्हणून.

तेव्हा आपल्या घरातल्या गॅसच्या वस्तूंवरचे नंबर वाचायला शिकू. आज बैठक जिच्या घरी असेल तिच्या ओट्याजवळ सगळ्या जा. शेगडी बंद असू द्या.

टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या तीन पट्ट्या असतात, त्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत, डी म्हणजे डिसेंबरपर्यंत, आणि आकडे वर्षाचे. डी 27 असेल तर डिसेंबर 2027. ही गॅस संपायची तारीख नव्हे. टाकीचं लोखंड पुन्हा दाबाखाली तपासायची ती मुदत असते. नवी टाकी दहा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासायची असते. (टाक्यांचे हे नियम सांभाळणारं केंद्र सरकारचं स्फोटके खातं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.) मुदत उलटलेली टाकी दारात आली तर घेऊ नका, बदलून मागा. टाकीवर तिचा स्वतःचा क्रमांक आणि रिकाम्या टाकीचं वजनही कोरलेलं असतं. घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असायला हवा. रिकामं वजन अधिक 14.2, एवढं काट्यावर भरलं पाहिजे. वजन करून आणि गळती तपासून देणं हे टाकी आणणाऱ्या दादाचं कामच आहे. आपण मागितलं तर तो उपकार करत नाही.

नळी बघा. तिच्यावर आयएसआयचा शिक्का, आयएस 9573 हा आकडा आणि बनवल्याचं वर्ष छापलेलं असायला हवं. शिक्क्याजवळ सीएम/एल लिहून एक नंबर असतो, तो बनवणाऱ्याच्या परवान्याचा. कुणाच्या मुलीकडे मोबाईल असेल तर बीआयएस केअर नावाच्या अॅपमध्ये हा नंबर टाकून परवाना खरा की खोटा ते बघता येतं. गॅस एजन्सीत मिळणारी तारेचं अस्तर असलेली केशरी सुरक्षा नळी घेतलेली बरी. दर पाच वर्षांनी बदलायची, दीड मीटरपेक्षा लांब नको, मधे जोड नको. उंदराने कुरतडू नये म्हणून वरून कापड किंवा दुसरी नळी चढवलेली मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. नका चढवू. आतली चीर दिसत नाही. आणि एजन्सीतून घ्या ते पावतीसकट. पावती डब्यात जपून ठेवा, रेशनकार्डाशेजारी.

गळती तपासायची ती साबणाच्या फेसाने. जोडावर फेस लावायचा, बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून कधीही तपासू नका. अजूनही काही घरांत तसं करतात, आणि "आजवर काही झालं नाही" असं सांगतात.

घरात जोराचा वास आला तर? दिव्याचं बटण चालू करू नका, आणि चालू असलेलं बंदही करू नका. दोन्हीत ठिणगी पडते. पंखा नको, घरात मोबाईल नको. देवघरातला दिवा, उदबत्ती, बाहेरची चूल विझवायला सांगा. रेग्युलेटर बंद करता आला तर करा, काढून टोपण लावा. दारं-खिडक्या उघडा, लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर या. आणि बाहेर आल्यावर फोन लावा : 1906. हा गॅस गळतीसाठीचा चोवीस तास चालू असलेला नंबर आहे, सगळ्या सरकारी गॅस कंपन्यांसाठी एकच. आग लागली तर 101 किंवा 112. नंबर मोबाईलमध्ये ठेवा असं म्हणणं सोपं आहे, पण आपल्यातल्या किती जणींकडे स्वतःचा मोबाईल असतो? एका गटातल्या ताईंनी दाराच्या चौकटीवर नखांच्या रंगाने 1906 लिहून टाकलंय, शुभ-लाभच्या खाली. मला तो उपाय फार आवडला.

आता थोडं कडू. प्रदर्शनात, जत्रेत, खाणावळीत आपण घरची टाकी वापरतो. घरगुती टाकी धंद्याला वापरायला मनाई आहे. "सगळेच करतात" हे मला ऐकायला मिळणार, माहीत आहे. पण यात दंडापेक्षा मोठी गोष्ट आहे. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो. आपल्याला हप्ता भरावा लागत नाही. गॅसच्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी 6 लाख, उपचाराला माणशी 2 लाखांपर्यंत, आणि घराचं नुकसान झालं तर 2 लाखांपर्यंत अशी त्यात तरतूद आहे. अपघात झाल्यावर लगेच एजन्सीला लेखी कळवायचं, पुढचं काम त्यांचं. पण घराच्या नुकसानीची भरपाई आहे ती ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यासाठी. स्टॉलच्या मांडवात घरची टाकी वापरून काही झालं, तर आपण कोणत्या तोंडाने अर्ज करणार? म्हणून धंद्याला व्यावसायिक टाकी घ्या, 19 किलोची. किंवा पाच किलोची छोटी टाकी, जी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळते. महाग पडते, हो. पण तो खर्च थालीपिठाच्या किमतीत धरायचा असतो. आपण पीठ, तेल, भाडं धरतो आणि गॅस "घरचाच" म्हणून सोडून देतो. मागच्या पाठातल्या हिशोबाच्या तक्त्यात गॅसचा एक रकाना वाढवा, म्हणजे कळेल आपला नफा खरा किती होता.

शक्यतो टाकी गावातून नेऊच नका. प्रदर्शन जिथे आहे तिथल्या आयोजकांना आधी विचारा, व्यावसायिक टाकी तिथेच मिळते का. न्यावीच लागली तर उभी आणि दोरीने बांधलेली, रेग्युलेटर काढून वेगळ्या पिशवीत, तोंडाला टोपण, गाडी उघडी, आणि टाकीबरोबर मागे कुणी बसायचं नाही. भरलेली टाकी दुचाकीवरून न्यायला नियमात बंदी आहे. एसटीत आणि रेल्वेतही चालत नाही.

शेवटचा मुद्दा तक्रारीचा, आणि माझ्या मते हाच या पाठाचा गाभा. एका गावात बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या, नवी टाकी लावली की दोन दिवस बारीक वास येतो. दुसरी म्हणाली, माझ्याकडे पण. बघता बघता चौघी निघाल्या, सगळ्यांच्या टाक्या एकाच आठवड्यात आलेल्या. टाकीच्या तोंडात रबराचं एक वायसर असतं, ते झिजलं की असं होतं. तोवर चौघींनाही वाटत होतं की आपलाच रेग्युलेटर खराब. एकीने टाकी आणणाऱ्याला सांगितलंही होतं, तर तो "चालवून घ्या" म्हणून निघून गेला. मी विचारलं, मग एजन्सीत का नाही सांगितलं? उत्तर आलं, "त्याच्याशी वाईटपणा घेतला तर पुढची टाकी महिनाभर मिळायची नाही."

ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीने नाही, गटाने तक्रार करायची. त्या चौघींनी आपापल्या टाकीवरचा क्रमांक, मुदतीचं अक्षर आणि टाकी आल्याची तारीख एका कागदावर लिहिली. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज झाला, खाली चौघींच्या सह्या, अध्यक्ष ताईंची सही. पोच घेतली. दुसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस घरोघर आला. दोन टाक्यांचे वायसर बदलले आणि दोन टाक्या परत नेल्या. टाक्या वेळेवरच येतात अजून. अमेरिकेतल्या त्या सरकारी संस्थेकडेही रिकॉलची चौकशी पुष्कळदा अशीच सुरू होते. वेगवेगळ्या गावचे लोक एकाच दोषाची तक्रार नंबरासकट नोंदवतात आणि कुणीतरी त्या एकत्र वाचतं. आपल्याकडे एकत्र वाचायची जागा आधीपासून आहे, गटाची बैठक. एजन्सीने ऐकलं नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून आणा : टाकीवरचं मुदतीचं अक्षर-आकडे, नळीवरचं वर्ष, आणि वास येतो का, हो किंवा नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोरांकडून लिहून घ्या, त्यांनाही कळेल. सीआरपी ताई चिठ्ठ्या गोळा करून रजिस्टरला लावतील. नळीवर काहीच छापलेलं नसेल तर तसंच लिहा, "काही नाही". जिथे "काही नाही" जास्त येतील तिथल्या नळ्या आपण प्रभाग संघामार्फत एजन्सीकडून एकदम मागवू. पैसे एकदम देणं जड जात असेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून घ्यायला हरकत नाही, तसा ठराव करा.

टेम्पोतल्या त्या गटाने यंदाच्या प्रदर्शनासाठी नाव दिलंय. टाकी तिथेच मिळणार आहे. सामानाच्या यादीत पहिल्या ओळीला मावशींनी लिहायला लावलंय : टोपण.